गाळ काढायचा, की नदी खणायची?

जुलै २०२१ च्या पुरानंतर महाड-चिपळूणच्या मोहल्ल्यांत एक सवय लागली आहे. पाऊस सलग दोन दिवस लागला की माणसं कागदपत्रं, फ्रिज, गाद्या माळ्यावर चढवायला घेतात. तेव्हा महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. सावित्री तिथूनच उगम पावते. त्याच पावसात महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं दगावली.

तेव्हापासून खाडीकाठच्या प्रत्येक बैठकीत एकच मागणी ऐकू येते: गाळ काढा. मागणी रास्त आहे. महाडला सावित्री, गांधारी आणि काळ या नद्या जवळजवळ येतात, पात्रात गोटे-वाळूची बेटं साचली आहेत. लोक त्यांना 'जुटे' म्हणतात. ते हटले तर पाण्याला वाट मिळेल, यात शंका नाही. आमची शंका वेगळीच आहे. गाळाच्या नावाने दिलेला परवाना हळूहळू वाळू-खडीच्या खाणीचा परवाना होतो, आणि या दोन कामांतला फरक आपण विचारत नाही.

फरक साधा आहे. पात्राच्या मूळ तळाच्या वर साचलेलं उचललं, तर तो गाळ. तळाच्या खाली गेलात, तर ती खाण. पात्रात खोल खड्डा पडला की पुराचं पाणी त्यात कोसळताना खड्ड्याची वरची कड खरवडतं आणि ती कड दर पुरात वरच्या अंगाला सरकत जाते. वाटेत पूल असला तर त्याचा पाया उघडा पडतो. खड्ड्यात गोटे-वाळू टाकून पुढे गेलेलं पाणी मोकळं असतं. ते खालच्या गावांचे काठ कापून आपला भार भरून काढतं. म्हणजे एका गावाचा पूर कमी करताना दुसऱ्याची शेतं नदीत जातात. पोर्तुगालमध्ये ४ मार्च २००१ रोजी डोरो नदीवरचा पूल कोसळून ५९ जण मेले. तिथल्या चौकशीत वर्षानुवर्षांच्या वाळू उपशाकडे बोट दाखवलं गेलं. आपला सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दोन एसटी बसगाड्यांसह वाहून गेला. त्याचं सगळं खापर वाळूवर फोडणं घाईचं होईल, पण पुलाच्या पायाखाली काय चाललंय हे कुणीतरी बघत राहायला हवं, एवढं तरी त्या रात्रीने शिकवायला हवं होतं.

काठावरच्या खाणींचं दुखणं आणखी निराळं. खड्डा आणि नदी यांच्यामध्ये मातीचा अरुंद पट्टा उरतो. मोठ्या पुरात तो फुटला की नदी सरळ खड्ड्यात शिरते, कधी कधी प्रवाहच बदलते. खाणीची माती काठाला आडवी रचली तर तिचा बांध होतो आणि पाणी वस्तीकडे वळतं. म्हणून पट्टा रुंद ठेवणं, वरची सुपीक माती वेगळी राखणं, ढीग प्रवाहाच्या दिशेने लावणं, उतार हलके करणं ही कामं खाण सुरू असतानाच व्हायची असतात. काम संपल्यावर ठेकेदार सापडत नाही. मागे राहतो तो उभ्या कडांचा खड्डा, ज्यात पावसाळ्यात पोरं पोहायला उतरतात.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ ट्रेंट नदीकाठच्या खडीच्या जुन्या खाणींची तळी झाली. अॅटनबरो नावाचं ते पक्षी-अभयारण्य १९६६ पासून लोकांसाठी खुलं आहे. आपल्याकडे 'जमीन पूर्ववत करणं' म्हणजे डेब्रिज टाकून सपाट करणं आणि जमलं तर प्लॉट पाडणं. पुराचं पाणी ज्या सखल जागेत पसरायचं, तीच भरून उंच केली तर ते पाणी शेजारच्या आळीत येणार. हाच प्रश्न नदीतून काढलेल्या गाळालाही लागू आहे. तो टाकतात कुठे? पूररेषेच्या आतच टाकत असतील तर नदीच्या एका खिशातून काढून दुसऱ्यात घालण्यासारखं झालं.

हे लिहिताना आम्हाला अवघडल्यासारखं होतं, कारण या धंद्यात आपली पोरंही आहेत. कुणी हातपाटीवर, कुणी डंपरवर. हातपाटीवाल्याची रोजी आणि सक्शन पंपाचा उपसा एकाच तराजूत तोलू नये. पण पंपाने काठ खचला की पाणी आधी खाडीकाठच्या, म्हणजे बहुतेकदा याच पोरांच्या, घरात शिरतं.

करायचं काय? १५ जानेवारी २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार प्रत्येक जिल्ह्याचा वाळू-खनिज सर्वेक्षण अहवाल तयार होतो आणि त्याचा मसुदा २१ दिवस लोकांच्या हरकतींसाठी खुला ठेवावा लागतो. नदी दरवर्षी किती वाळू परत आणते, याचा अभ्यास नसेल तर असा अहवाल ग्राह्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे. हे २१ दिवस बहुतेक गावांत कुणाला कळतही नाहीत. आपल्यात इंजिनिअरिंग, भूगोल, कायदा शिकणारी मुलं-मुली आता घरोघरी आहेत. जिल्ह्याचं संकेतस्थळ उघडा, आपल्या नदीचं पान शोधा. खोली किती लिहिली आहे, गाळ कुठे टाकणार आहेत, काठ कोण दुरुस्त करणार आहे, हे वाचा. जे लिहिलेलं नसेल ते लेखी विचारा, आणि पोच घ्यायला विसरू नका.