शेवटच्या फेरीचा हिशेब

मे महिना उतरणीला लागला की किनाऱ्यालगतच्या गावांत दोन ठिकाणी घाई सुरू होते. शेतात भाताच्या रोपासाठी धूळवाफ्याची पेरणी आटपायची असते, आणि बंदरावर "बंदीआधी आणखी एक फेरी मारून येऊ" असे चाललेले असते. खलाशी म्हणून जाणारे अनेक जण घरचे शेतकरीच. म्हणून समुद्राचा हा विषय शेतीच्या पानावर.

यांत्रिक नौकांना गेली अनेक वर्षे १ जूनपासून मासेमारी बंदी लागू होते. आपण या तारखेकडे बघून ३१ मेपर्यंत समुद्र आपलाच, असे धरून चालतो. पण तारीख सरकारने ठरवलेली असते, वाऱ्याने नव्हे.

अलीकडची वर्षे आठवा. २०२१ च्या मेच्या मध्यावर तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कुबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. २३ मे २०२४ च्या रात्री वेंगुर्ले बंदरात बर्फ नेणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सातपैकी तिघे पोहून किनाऱ्याला लागले, चौघे बेपत्ता झाले. २४ मे २०२५ ला तर कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊन रत्नागिरी-दापोली भागात किनाऱ्यावर आला आणि दुसऱ्याच दिवशी मान्सून राज्यात पोचला. प्रत्येक घटनेचे कारण वेगळे, पण चारही मे महिन्यातल्या, बंदी लागण्याआधीच्या.

असे का होते? मेमध्ये सकाळी मतलई आणि दुपारी खारा वारा, हा रोजचा क्रम तांडेलाला पाठ असतो. पण दुपारनंतर गडगडाटी ढग जमले की त्यातून खाली येणारा वारा काही मिनिटांत दिशा आणि जोर बदलतो. दुसरे, वादळ शेकडो किलोमीटर दूर असले तरी त्याच्या लाटा इथवर येतात. वर आभाळ स्वच्छ दिसते. ओहोटीचे पाणी बाहेर पडत असताना या लाटा खाडीच्या तोंडाशी आल्या, तर तिथेच उंच उठून फुटतात. म्हणजे खोल समुद्रातून सुखरूप आलेली नौका घराच्या दारात अडकते.

मग माणूस जातो तरी का? कारण पैशाचे आहे. डिझेल, बर्फ, रेशन यांचा खर्च आधीच झालेला असतो. मालकाला हप्ता भरायचा असतो, खलाशाला उचल फेडायची असते. मासळी कमी मिळाली तर रिकाम्या हाताने परतायला मन धजत नाही. हे खोटे नाही. पण एका फेरीचे डिझेल आणि अख्खी नौका, जाळी व माणसे, हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा.

गावपातळीवर तीन गोष्टी होऊ शकतात. पहिली, हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज लागावा. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांनी तो वाड्यावाड्यांत पोचवावा. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की नौका सुटू नये. पर्यटकांच्या होड्यांनाही हाच नियम, आणि लाइफ जॅकेट अंगावर, फळीखाली नव्हे. दुसरी, तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक प्रत्येक नौकेवर रंगाने लिहावेत. तिसरी आणि खरी गोष्ट म्हणजे मालक-खलाशांचा हंगामाचा हिशेब मेच्या मध्यापर्यंत मिटवावा. उचल डोक्यावर राहिली नाही, तर शेवटच्या आठवड्यात कुणाला नाइलाजाने जावे लागणार नाही.

अर्ध्या वाटेतून परत फिरणाऱ्या तांडेलाला भित्रा म्हणू नका. पहिल्या सरीला भुलून पेरणी न करणाऱ्या शेतकऱ्याला आपण जाणता म्हणतो. तोच मान त्यालाही द्या. पेरणी फुकट गेली तर बियाणे पुन्हा मिळेल, माणूस मिळणार नाही.