कार्बोरेटर वाहूं लागल्यास

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं जुनी फटफटी असेल. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ चे नियम लागू झाल्यावर नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर बहुतेक गेला. तथापि जुन्या गाड्या अद्याप आपल्या कामीं येत आहेत, व त्या नीट राखण्यांतच हित आहे.

गेल्या पावसाळ्यांत आमची फटफटी सुरू होईना. खालीं पेट्रोल सांडलेलें, आणि दोन हातांवर कडब्याची गंजी! बाजारगांवच्या कारागिरानें गाडी न उघडतांच नवा कार्बोरेटर घेण्यास सांगितलें. आम्हीं मुलकी खात्यांत जन्मभर कारकुनी केली. बेरीज चुकली म्हणून तेथें कोणी सगळें दफ्तर टाकून देत नाहीं. चूक कोणत्या ओळींत आहे तें शोधतात.

कार्बोरेटरच्या वाटींत फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल पुरेसें भरलें कीं तो वर येतो व एका टोंकदार सुईनें पेट्रोल येण्याचें तोंड बंद करितो. पाण्याच्या टाकींतील चेंडूची तोटी हेंच काम करिते. तोंड बंद न झालें कीं पेट्रोल वाहतें. याचीं कारणें मुख्यतः तीन: तोंडाशीं कचरा अडकणें, सुईचें टोंक झिजणें, किंवा फ्लोटला भोंक पडून तो बुडणें.

म्हणून प्रथम टाकीचा कॉक बंद करावा, गाडी उघड्यावर न्यावी, आणि विडीकाडी दूर ठेवावी. वाटी सोडून फ्लोट कानाशीं हालवावा. आंत पेट्रोल वाजल्यास तो बदलावा. सुईच्या टोंकावर वळ दिसल्यास सुई बदलावी. तोंड स्वच्छ पेट्रोलनें धुवावें, तारेनें खरवडूं नये. बाहेरचे स्क्रू फिरवीत बसूं नये. रोग तेथें नाहीं. भिजलेला प्लग काढून पुसावा. निराळें ऑइल असलेल्या इंजिनांत तें ऑइलही पाहावें. त्यास पेट्रोलचा वास येत असल्यास तें बदलल्यावांचून इंजिन चालवूं नये. पातळ झालेल्या ऑइलनें इंजिन झिजून कायमचें बिघडतें, आणि मग खर्च खरोखरच मोठा होतो.

आमच्या गाडींत निघाला तो टाकींतील गंजाचा एक कण!

कारागिराविषयीं आमच्या मनांत राग नाहीं. परंतु मालकास कांहींच ठाऊक नसलें कीं दुसरा सांगेल तेंच खरें मानावें लागतें. गाडी उभी करितांना कॉक बंद करण्याची संवय घरांतील प्रत्येकानें लावून घ्यावी, व गाडी कडब्यापासून दूर ठेवावी. बैलाच्या खुरांतील कांटा ज्यास काढतां येतो, त्यास एवढें काम अवघड नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.