मुलगा गेम का खेळतो, हे आधी विचारा

पालकांची तक्रार ठरलेली असते, "डॉक्टर, हा सारखा गेम खेळतो, याला जरा समजावा." माझं उत्तरही बरीच वर्षं ठरलेलं होतं, मोबाईल काढून घ्या. ते उत्तर किती अर्धवट आहे, हे मला एका आजींमुळे कळलं.

पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवरून त्या नववीतल्या नातवाला घेऊन आल्या होत्या. मुलाचे आईवडील आणि थोरला भाऊ मुंबईला. मी सवयीने सल्ला दिला, आजींनी तो पाळला. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या. "मोबाईल घेतला तेव्हापासून बोलतच नाही हो. जेवण पण निम्मं झालंय." तेव्हा कुठे मी मुलाला विचारलं, तुझ्याबरोबर खेळतं कोण? रात्री नऊला भाऊ कामावरून खोलीवर आला की दोघं एकाच टीममध्ये खेळायचे. दिवसभराच्या गप्पा त्यातच व्हायच्या. मी बंद करायला लावली होती ती भावाची रोजची भेट.

ऑक्सफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू शिबिल्स्की याच प्रश्नावर वर्षानुवर्षं काम करत आहेत. माणसाला गेम ओढून का घेतो? 2006 मध्ये रिचर्ड रायन आणि स्कॉट रिग्बी यांच्याबरोबर त्यांनी मांडलेलं उत्तर साधं आहे. प्रत्येकाला तीन गोष्टींची भूक असते. काय करायचं ते आपण ठरवावं, आपल्याला काहीतरी चांगलं जमावं आणि आपलं कोणीतरी असावं. चांगला गेम या तिन्ही भुका थोड्या थोड्या भागवतो.

पुढे 2022 मध्ये त्यांच्या गटाने सुमारे 39,000 खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोण किती वेळ खेळलं, याचे आकडे खेळाडूंच्या सांगण्यावर न सोडता गेम कंपन्यांकडून घेतले होते. खेळण्याचे तास कमीजास्त झाल्याने मनःस्वास्थ्यावर फारसा परिणाम दिसला नाही. संबंध दिसला तो खेळण्यामागच्या कारणाशी. आवडतं म्हणून खेळणारे बरे होते. खेळावंच लागतं असं वाटणाऱ्यांचं तसं नव्हतं. हे खेळाडू प्रौढ होते, त्यामुळे हे निष्कर्ष चौदा वर्षांच्या मुलाला जसेच्या तसे लावू नयेत. पण प्रश्न विचारण्याची दिशा मला पटते.

आपल्याकडच्या वाड्यांचं चित्र डोळ्यांसमोर आणा. घरात म्हातारी माणसं आणि पोरं, कर्ती माणसं चाकरमानी. पावसाळ्यात मैदानाचा चिखल, कबड्डी बंद. शाळेत गणित जमत नाही म्हणून बोलणी बसतात. अशा मुलाला एका ठिकाणी "वा, भारी खेळलास" ऐकायला मिळत असेल, तर तो तिथे जाणारच. महाडमध्ये 2021 च्या महापुराची धास्ती काही मुलांच्या मनातून अजून गेलेली नाही. पावसाचा जोर वाढला की ती मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. तिथे औषध भीतीवर हवं.

म्हणून गेमला मी मोकळं रान देत नाही. झोपेच्या बाबतीत तर मी अजिबात ऐकून घेत नाही. रात्री मोबाईल मोठ्यांच्या खोलीत चार्जिंगला. पैसे लावायचे गेम हे माझ्या मते गेमच नव्हेत, तो जुगार आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने त्यांच्यावर बंदीचा कायदा केला, तरी घरातल्या मोठ्यांनी आपल्या खात्यातून पैसे कुठे जातात ते पाहत राहावं.

आणि खरा आजारही असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या यादीत त्याची नोंद आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं आणि हे साधारण वर्षभर चालणं, अशी त्याची लक्षणं. सुट्टीत चार दिवस गेम खेळणारा मुलगा यात बसत नाही. पण मूल शाळा सोडून बसलं, माणसांत येईनासं झालं किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं, तर वर्षाची वाट पाहू नका. टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निमहान्समध्ये तर 2014 पासून यासाठी वेगळं क्लिनिक आहे.

त्या नातवाचं आम्ही असं ठरवलं की भावाबरोबर रोज एक तास, साडेदहाला मोबाईल आजींकडे. वेळ त्यानेच सांगितली, मी साडेनऊ म्हणत होतो. पुढच्या खेपेला आजी आपल्या गुडघ्यांसाठी आल्या. नातवाचं विचारलं तर म्हणाल्या, "खेळतो अजून. पण मोबाईल आपणहून आणून देतो. कधी कधी अकरा वाजवतो."