कुरवांचा पाहुणचार

हिवाळ्यात मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला निघालेल्या बोटीमागे कुरव पक्ष्यांचा थवा लागतो. प्रवासी चिवडा, वेफर्स उधळतात, पक्षी ते हवेतच झेलतात आणि भूतदया केल्याचे समाधान साऱ्यांना लाभते.

ही दया तपासून पाहिली पाहिजे. कुरव मिळेल ते खाणारा पक्षी. मासे, खेकडे, किडे, बंदरातील टाकाऊ मासळीही त्याला चालते. तेव्हा तो खातो, एवढ्यावरून तळलेले, खारट पदार्थ त्याला मानवतात असे ठरत नाही. यांतील तपकिरी डोक्याचे कुरव मध्य आशियात, तसेच लडाखमधील त्सो मोरीरीसारख्या सुमारे ४,५०० मीटर उंचीवरील सरोवरांकाठी अंडी घालतात. परतीच्या एवढ्या प्रवासाची शिदोरी मासळीची असावी, की वेफर्सची?

शिवाय उधळण्याच्या घाईत पाहणे राहूनच जाते. थंडीत या पक्ष्याचे डोके तपकिरी नसतेच! ते पांढरे होते आणि डोळ्यामागे केवळ एक काळसर ठिपका उरतो. बोटीच्या कठड्याशी शांत उभे राहिल्यास, दुर्बीण नसली तरी, तो सहज दिसतो.