गाळ्याची किंमत रस्ता ठरवत नाही

शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याच्या पंचक्रोशीत कुणाच्या हातात थोडी रक्कम आली की त्याला सगळीकडून एकच सल्ला मिळतो: रोडटच गाळा घेऊन टाक. भूसंपादनाचे पैसे असोत, निवृत्तीनंतरचा फंड असो की वाटणीत आलेला जमिनीचा तुकडा विकून उरलेली रक्कम, सल्ला बदलत नाही. गाळा घ्या, शटर लावा, भाडं घरबसल्या येत राहील. आणि भाडं नाहीच आलं तरी जागेचा भाव चढतोच आहे. सल्ला देणाऱ्यांत एजंट असतात तसे भाऊबंद आणि मित्रही असतात, आणि ते मनापासूनच सांगत असतात. तरीही हा सल्ला साफ चुकीचा आहे असं माझं मत आहे. या व्यवहारात अडकणारा पैसा शेतकऱ्याचा आणि कामगाराचा आहे, दुसऱ्यांदा उभा न राहणारा आहे, म्हणून याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे.

आधी समोरच्या बाजूचं म्हणणं पूर्ण ऐकू. न्हावरे हे दोन रस्त्यांच्या छेदावरचं गाव. तळेगाव दाभाड्याहून चाकण, शिक्रापूर करत श्रीगोंदा, जामखेडकडे जाणारा ५४८ डी हा राष्ट्रीय महामार्ग इथून जातो. शिरूरहून भीमा ओलांडून पारगाव, चौफुल्याकडे, म्हणजे पुणे-सोलापूर महामार्गाकडे जाणारा रस्ताही इथूनच. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, शाळा-महाविद्यालय आहे. निमोणे, आंबळे, उरळगाव, आलेगाव पागा, निर्वी अशा गावांचं येणंजाणं या चौकात असतं. रांजणगावची एमआयडीसी फार लांब नाही. पुणं पूर्वेकडे सरकतंय. वाघोली भरली, सणसवाडी-शिक्रापूर भरत आलं, पुढचा नंबर आपलाच. मग आज स्वस्तात गाळा घेणारा उद्या सुखात राहील, असा हा हिशेब.

यातली एकेक गोष्ट खरी आहे. फक्त त्यांच्या बेरजेतून गाळ्याचा भाव निघत नाही.

रस्त्याचंच बघा. चौकात उभं राहून वाहनं मोजणं हा जागा विकणाऱ्याचा आवडता पुरावा. पण जाणारं वाहन म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. थांबणारं वाहन म्हणजे गिऱ्हाईक. रस्ता जितका चांगला, तितकं वाहन कमी थांबतं. खड्ड्यांच्या जुन्या रस्त्यावर माणूस कंटाळून चहाला उतरायचा. काँक्रीटच्या रस्त्यावर तो थेट श्रीगोंदा गाठतो. शिवाय रस्ता मोठा झाला की इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा कडक होतात, पुढची जागा जाते, गाडी लावायला कोपरा उरत नाही. दुभाजक पडला तर पलीकडच्या बाजूचं गिऱ्हाईक वळसा घालून येत नाही, अर्धा बाजार तिथेच तुटतो. मोठ्या रस्त्याने पेट्रोल पंप, ढाबा आणि टायरवाला जगतो, हे मान्य. पण एका चौकात असे किती लागतात? ओळीने बांधलेल्या बाकीच्या शटरांना कापडवाला, भांडीवाला, किराणावाला, झेरॉक्सवाला लागतो, आणि त्यांचं गिऱ्हाईक जामखेडच्या ट्रकमधून येत नाही.

ते येतं उसाच्या बांधावरून. न्हावऱ्याच्या बाजारातला पैसा कुठून येतो हे इथल्या कोणत्याही जुन्या दुकानदाराच्या उधारीच्या वहीवरून कळतं. पावसाळ्यात वही भरत जाते: खत, पाइप, सरकी पेंड, शाळेची वह्या-पुस्तकं, आजारपणातला किराणा. रक्कम फिटते ती ऊसबिल जमा झाल्यावर. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने जाहीर केलेली एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होती. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत हे पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर १५ टक्के व्याजासह. बिल १४ दिवसांत आलं तर दुकानदाराची वही मोकळी होते आणि तो पुण्याच्या होलसेलवाल्याला पैसे देऊन नवा माल आणतो. चार महिने लांबलं तर दुकानदार स्वतःच उधारीत जातो, आणि पहिली थकते ती गाळ्याच्या भाड्याची रक्कम. उसाला पाणी देणाऱ्या चासकमानच्या कालव्याचं आवर्तन वेळेवर आलं का, हा प्रश्न म्हणून गाळेमालकाचाही आहे. रस्त्याचं टेंडर निघालं का, यापेक्षा जास्त.

आणि मग येतो घोडगंगा. रावसाहेबदादा पवार घोडगंगा सहकारी साखर कारखाना न्हावऱ्याच्या हद्दीत उभा आहे, पण २०२३-२४ च्या हंगामात त्याचं गाळप झालं नाही. कामगारांचे पगार थकले, आंदोलनं झाली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत शिरूर मतदारसंघात हाच विषय सगळ्यात जास्त गाजला. दोष कुणाचा यावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोललं गेलंय. त्यात मी इथे शिरत नाही. मला बोलायचंय ते त्या बंद गेटचा आणि चौकातल्या शटराचा संबंध काय, यावर.

कारण यावरही एक ठरलेलं उत्तर दिलं जातं: कारखाना बंद असला म्हणून काय झालं, ऊस दुसरीकडे जातोच, बिल येतंच. दौंड तालुक्यातले आणि आजूबाजूचे कारखाने ऊस नेतात, हे खरं आहे. पण कारखाना गावाला फक्त ऊसबिल देतो असं मानणाऱ्याने चालू हंगामातली कारखान्याजवळची बाजारपेठ कधी नीट पाहिलेली नाही. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या, नगरकडच्या टोळ्या येतात, कोप्या पडतात. प्रत्येक कोयत्यामागे नवरा-बायको, लहान पोरं, कधी म्हातारी आई. बाजरी, तेल, मिरची, साबण, तंबाखू, पोराचं औषध, बैलांच्या शेंब्या, कोयत्याला धार, सगळं जवळच्या बाजारातून जातं. ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्रभर रांगेत असतात. टायर फुटतो, हूक तुटतो, बेअरिंग जातं, आणि पंक्चरवाला, वेल्डिंगवाला, स्पेअर पार्टवाला पहाटेपर्यंत जागा असतो. ड्रायव्हर रांगेत ताटकळतात म्हणून वडापाव आणि चहा मध्यरात्री विकला जातो. शिफ्ट सुटते तेव्हा कामगार घरी जाताना भाजी घेतो. पगाराच्या आठवड्यात कापडवाल्याकडे गर्दी होते, सराफाकडे हप्ते भरले जातात. ऊस दुसऱ्या तालुक्यात गेला की बिल शेतकऱ्याच्या खात्यावर येतं, पण ही बाकीची सगळी उलाढाल उसाच्या मागोमाग त्या दुसऱ्या गेटवर जाते. चार-पाच महिने रात्रंदिवस चालणारा बाजार गावाने गमावला, आणि त्याच काळात रस्त्याच्या भरवशावर गाळे घ्यायचा सल्ला चालूच राहिला. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

शेती आणि कारागिरी यांचं नातं या मुलखात किती जुनं आहे हे पाहायला लांब जावं लागत नाही. शेजारच्या इनामगावला, घोडनदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. भरभराटीच्या काळात तिथे चौकोनी घरं होती, धान्याचं कोठार होतं, शेतीला पाणी देण्यासाठी पाट काढलेला होता, कुंभाराची भट्टी होती. पुढे, इसवी सनापूर्वी १००० च्या आसपास, पाऊस घटला आणि शेती खालावली, असं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी मांडलं. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास वस्ती उठली. नदी तिथेच होती, नदीकाठची वाटही होती. पिकलं नाही म्हणून माणूस गेला, आणि माणूस गेल्यावर भट्टी विझली.

आता वाघोलीचं उदाहरण. वाघोलीत गाळ्यांना भाव आला, पण कशाने? खराडीत आयटी पार्क उभे राहिले, तिथला पगार घेणाऱ्यांनी वाघोलीत घरं घेतली, सोसायट्या भरल्या आणि मग खाली दुकानं चालली. आधी राहणारी, कमावणारी माणसं, मग दुकान. २०२१ मध्ये वाघोली पुणे महापालिकेत गेली, तोवर हे झालेलं होतं. रांजणगावातही कामगारांच्या खोल्या आधी भरल्या आणि मेस, मोबाइल, किराणा नंतर आला. न्हावऱ्यात आपण उलटीकडून सुरुवात करू पाहतोय. राहायला कुणी नवीन आलेलं नाही, जुन्यांचा पगार थकला, आणि शटरांची रांग मात्र लांबत जावी अशी अपेक्षा.

शहरातली गोष्ट याहून वेगळी नाही, फक्त आकडे मोठे आहेत. नाइट फ्रँक या सल्लागार संस्थेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या आठ मोठ्या शहरांत २०२३ मध्ये ४० टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेले ६४ मॉल होते. त्याच वर्षी वाकडला फिनिक्सचा नवा मॉल सुरू झाला आणि गर्दीने भरला. मॉल बुडण्याची कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक या धंद्यातले लोक पुन्हा पुन्हा सांगतात: बिल्डरने गाळे सुटे सुटे विकले, की शंभर मालक होतात आणि कुणीच दुकान चालवत नाही. कुठलं दुकान कुठे हवं हे ठरवायला कुणी राहत नाही. एक मोबाइलवाला चालला की शेजारी आणखी चार येतात, उरलेली शटरं बंद, आणि बंद शटरं पाहून गिऱ्हाईक फिरकत नाही. चालणारे मॉल बहुधा एका मालकाच्या हाती असतात. ते गाळा विकत नाहीत, भाड्याने देतात, आणि त्या भाड्यातही एक किमान रक्कम असते व वर विक्रीतला हिस्सा. दुकानदाराचा धंदा वाढला तर मालकाचं उत्पन्न वाढतं.

आपल्याकडच्या गाळेमालकाचा हिशेब याच्या उलटा बसलाय. समजा, ३० लाखांना गाळा घेतला आणि ८,००० रुपये महिना भाडं मिळालं. वर्षाचे ९६,००० म्हणजे ३.२ टक्के. दोन महिने रिकामा राहिला तर ८०,०००. त्यातून घरपट्टी, रंगरंगोटी, गळती, वीजमीटरची बाकी. बँकेत मुदतठेव ठेवली असती तर याच्या दुप्पट व्याज मिळालं असतं. कर्ज काढून गाळा घेतला असेल तर व्याजाचा दर भाड्याच्या उत्पन्नाच्या तिपटीच्या आसपास जातो. मग हा माणूस भाडं कमी करून दुकानदाराला का बसवत नाही? कारण भाडं उतरवलं की गाळ्याचा भावही उतरलाय हे उघड होतं. म्हणून तो शटर बंद ठेवतो आणि भाव वाढायची वाट पाहतो, शेजारचाही तेच करतो, आणि कटिंगचं दुकान किंवा शिलाई मशीन टाकू पाहणारी पोरं-पोरी गावातच जागा नाही म्हणून शिरूरला जातात.

ऑनलाइन खरेदीने दुकानं मारली, ही तक्रार मला इथे फारशी पटत नाही. मोबाइल, चपला, साड्या यांचा धंदा त्याने कमी केला, हे खरं. पण ठिबकची नळी रात्री फुटली तर सकाळी सातला ती गावातच मिळावी लागते, आणि ऊसबिल येईपर्यंत थांबणारा दुकानदार कोणत्याही ॲपवर नसतो.

मग करायचं काय? पहिलं, कारखान्याचं चाक. दौंड तालुक्यात पाटसचा भीमा कारखाना बंद पडला होता. २०२२ मध्ये तो निराणी समूहाला भाडेपट्ट्याने दिला गेला आणि गाळप पुन्हा सुरू झालं. घोडगंगा सभासदांच्याच ताब्यात राहून चालावा असं मला मनापासून वाटतं, कारण शेअर त्यांच्या बापजाद्यांनी उसाच्या पैशातून भरलेत. पण ते जमत नसेल तर भाडेपट्ट्याचा विचार करावा, आणि कोणत्याही करारात कामगारांची थकबाकी पहिली धरावी. ते पैसे पहिल्याच महिन्यात याच चौकात खर्च होतील.

दुसरं, ग्रामपंचायतीने नवे गाळे लिलावात केवळ जास्त बोलीवर देऊ नयेत. स्वतः दुकान चालवणाऱ्यालाच गाळा, पोटभाडेकरू ठेवता येणार नाही आणि सलग तीन महिने शटर बंद राहिलं तर गाळा परत, एवढ्या तीन अटी ग्रामसभेत ठरवल्या तर गुंतवणूकदार आपोआप बाजूला होईल. बांधकामाचा पैसा असेल तर तो आधी आठवडे बाजाराच्या ओट्यांवर, शेडवर, गाड्या लावण्याच्या जागेवर आणि बायकांच्या स्वच्छतागृहावर घालावा. आजूबाजूच्या गावांतून बाजाराला आलेली बाई दोन तास जास्त थांबू शकली, तर तिच्या खरेदीत नक्की फरक पडतो.

तिसरी गोष्ट ज्यांनी गाळे घेऊन ठेवलेत त्यांच्यासाठी. बारा महिने एकच भाडं लावू नका. जून ते सप्टेंबर या उधारीच्या महिन्यांत ते निम्म्यावर आणा, आणि ऊसबिलं सुरू झाली की वाढवा. अकरा महिन्यांच्या करारात दोन दर लिहायला काहीच अडचण नाही. डिपॉझिट दोन महिन्यांच्या वर घेऊ नका, कारण ती रक्कम दुकानदाराच्या मालातून वजा होते. आणि ज्यांनी अजून इसार दिलेला नाही त्यांनी एजंटकडे चौकातल्या वाहनांचा आकडा मागू नये. त्याच रांगेतल्या चालू दुकानदाराला जाऊन विचारावं की गेल्या हंगामातली उधारी किती वसूल झाली आणि श्रावणात त्याने भाडं कशातून भरलं.