एक संगनमत, दोन दंड

१ एप्रिल २०२५ रोजी ब्रसेल्सच्या युरोपीय आयोगाने १५ मोटार कंपन्या आणि त्यांची युरोपीय संघटना यांना मिळून सुमारे ४५ कोटी ८० लाख युरो दंड ठोठावला. त्याच दिवशी लंडनमध्ये ब्रिटनच्या स्पर्धा व बाजारपेठ प्राधिकरणाने १० कंपन्या व दोन व्यापारी संघटनांना सुमारे ७ कोटी ७७ लाख पौंडांचा वेगळा दंड केला. संगनमत एकच, दंड मात्र दोन. दोन्ही याद्यांत आपल्या ओळखीचे एक नाव होते : जग्वार लँड रोव्हर, म्हणजे २००८ साली मुंबईच्या टाटा मोटर्सने विकत घेतलेली कंपनी. रकमेच्या मानाने ही बातमी आपल्या समाजात फारशी चर्चिली गेली नाही. ती चर्चिली जावी असे आम्हांस वाटते, कारण तिच्यातील धडा केवळ मोटार कारखानदारांपुरता नाही.

प्रकरण भंगाराचे आहे. जुनी गाडी मोडीत काढायची म्हणजे तिच्यातील तेल, बॅटरी, काच, प्लॅस्टिक सारे वेगळे करावे लागते. कुर्ल्याचा भंगारबाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे काम किती घामाचे असते ते सांगायला नको. युरोपात २००० साली नियम झाला की, शेवटच्या मालकाला गाडी मोडीत देताना पदरचे काही मोजावे लागू नये आणि त्या कामी खर्च येत असेल तर तो सर्व किंवा त्याचा मोठा भाग कारखानदाराने सोसावा. किती सोसावा, हा कारखानदार आणि गाडी मोडणारा यांच्यातील सौद्याचा प्रश्न होता. एखादी कंपनी चार पैसे जास्त देती, दुसरी कमी देती. परंतु २००२ ते २०१७ अशी जवळजवळ १५ वर्षे कंपन्यांनी आपसांत ठरवून टाकले की, या धंद्यात मोडणाऱ्याला फायदाच आहे, सबब कोणीही काही द्यायचे नाही. गाडीचा किती भाग पुन्हा वापरता येतो, याच्या जाहिरातीत एकमेकांवर कुरघोडी करायची नाही, असेही ठरले. म्हणजे गाडी मोडणारा सौद्याला मुकला आणि गिऱ्हाईक माहितीला.

हे सारे काही अंधाऱ्या खोलीत घडले नाही. युरोपीय संघटनेनेच अनेक बैठका आणि गाठीभेटी जुळवून आणल्या, असे आयोगाने म्हटले आहे. सर्वांची अळीमिळी गुपचिळी असताना मर्सिडीझ-बेंझने मात्र अधिकाऱ्यांकडे जाऊन हकीकत सांगितली. माफीच्या साक्षीदाराप्रमाणे तिला दोन्हीकडे दंडातून पूर्ण सूट मिळाली. बाकीच्यांनी कबुली देऊन तडजोड केली.

आता दोन दंड का, ते पाहू. १९५७ च्या रोम करारापासून युरोपच्या स्पर्धा-कायद्याची दोन कलमे प्रसिद्ध आहेत. एक संगनमताविरुद्ध, दुसरे बाजारातील वर्चस्वाच्या गैरवापराविरुद्ध. ब्रिटनने १९९८ चा आपला कायदा याच साच्यावर बेतला. ब्रिटन युरोपीय संघात असेपर्यंत ब्रसेल्सने एखादे प्रकरण हाती घेतले की लंडनने बाजूला व्हायचे, असा शिरस्ता होता. ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळ संपला आणि हा शिरस्ताही संपला. मार्च २०२२ मध्ये दोन्ही यंत्रणांनी एकाच वेळी कंपन्यांच्या झडत्या सुरू केल्या, त्या या नव्या व्यवस्थेत.

युरोप सोडला की ब्रसेल्सच्या कायद्यातून सुटका होईल, असे येथील अनेक उद्योजकांना वाटत होते. झाले उलटेच. युरोपात माल विकणाऱ्या ब्रिटिश कंपनीला ब्रसेल्सचा कायदा आजही लागू आहे आणि लंडनचा वेगळा. कबुली द्यायची तर दोन ठिकाणी, वकील नेमायचे तर दोन ठिकाणी. कंपन्यांच्या मोठ्या खरेदी-विक्रीलाही दोन परवानग्या लागू शकतात. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन विकत घ्यायचे ठरवले तेव्हा लंडनने एप्रिल २०२३ मध्ये नकार दिला, ब्रसेल्सने पुढच्याच महिन्यात अटींवर होकार दिला. सौदा बदलून मांडल्यावर ऑक्टोबरमध्ये लंडनची संमती मिळाली. मायक्रोसॉफ्टला हे परवडते. मिडलंड्समधील एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला परवडेल काय?

भारतातून येथे गुंतवणूक करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. उपकंपनी पूर्णपणे आपल्या मालकीची असेल तर तिच्या वर्तनावर आपलाच प्रभाव होता, असे युरोपीय कायदा गृहीत धरतो. दंडाची कमाल मर्यादा जगभरच्या उलाढालीच्या १० टक्के आहे. ‘तेथील व्यवस्थापकांनी केले, आम्हांला ठाऊक नव्हते’ हे उत्तर मुंबई-पुण्याहून सहसा चालत नाही.

आणि लहान व्यापाऱ्याचे काय? ब्रिटनच्या कायद्यात लहान कंपन्यांमधील करारांना दंडातून काही सवलत आहे खरी, पण भाव ठरवून घेण्याला ती लागू नाही. शिवाय कंपनीने कायदा मोडला तर संचालकाला १५ वर्षांपर्यंत संचालकपदास अपात्र ठरवता येते. आपल्यातील कितीतरी लोक औषध दुकानदारांच्या, हॉटेलवाल्यांच्या, घाऊक व्यापाऱ्यांच्या संघटनांत उत्साहाने काम करतात. ते चांगलेच आहे. पण चहापानाच्या वेळी कोणी ‘यंदा सगळ्यांनी एवढाच भाव लावू’ म्हटले, तर गप्प बसून मान डोलावणे पुरेसे धोक्याचे आहे. तेथेच स्पष्ट विरोध नोंदवावा, उठून जावे आणि इतिवृत्तात तशी नोंद करून घ्यावी. यात सोयऱ्याधायऱ्यांची भीड बाळगू नये.

शेवटी, ज्यांचे नुकसान झाले त्यांच्याविषयी. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते. गाडी मोडणाऱ्याला त्यातील एक पेनीही आपोआप मिळत नाही. भरपाई हवी तर त्याने स्वतः दावा लावायचा. २०२० नंतर सुरू झालेल्या प्रकरणांतील ब्रसेल्सचे निर्णय येथील न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, म्हणून ब्रिटनमधील दावेदाराला लंडनच्या निर्णयाचाच मुख्य आधार आहे. त्या दृष्टीने दुसरा दंड निरर्थक नव्हता. नाहीतर येथील लहान माणसाला सारा पुरावा पहिल्यापासून गोळा करावा लागला असता. दोन यंत्रणांचा खर्च उद्योगांना जाचतो, ही तक्रार खरी आहे. ती कमी करण्यासाठी ब्रसेल्स आणि लंडन यांनी अर्ज व कागदपत्रे एकमेकांस चालतील अशी सोय अवश्य करावी. मात्र त्या सोयीच्या नावाखाली लंडनने पहारा ढिला करू नये. १५ वर्षे ज्यांना सौदाच करू दिला नाही, त्यांच्या बाजूने बोलणारे कोणीतरी या देशातही हवेच.