छाटणी करा, टक्कल नको!

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका सकाळी कॉलेजच्या गेटवर पोचले, तर आमचा कट्टा ओळखूच येईना. कट्ट्यामागच्या काटेसावरीच्या सगळ्या फांद्या खाली आणि वर नुसतं खोड. रस्त्यावर लाल फुलांचा सडा, त्यावरून टू-व्हीलर चाललेल्या. आदल्या दिवसापर्यंत याच फुलांवर मैना, बुलबुल, शिंजीर यांचा दंगा असायचा. फांद्या गोळा करणाऱ्या दादांना विचारलं, तर म्हणाले, ‘अहो ताई, पान तरी दिसत होतं का एक? वाळलेलंच झाड ते.’

मला त्यांचा राग आला नाही. हातात करवत देताना त्यांना कुणी सांगितलंच नसणार, की काटेसावर, पळस, पांगारा ही झाडं पानं गाळूनच फुलतात. फांदी वाळलीय की नाही हे बघायला नख पुरतं. साल जरा खरवडा. खाली हिरवं दिसलं, की फांदी जिवंत!

मी निफाडची. घरी द्राक्षबाग. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. गोडी छाटणीत काडीवरचे डोळे मोजून कात्री चालते. चुकीच्या डोळ्यावर कापलं तर घडांचा हिशेब बिघडतो. म्हणजे छाटणीला माझा विरोध असायचं कारणच नाही. पण ज्या राज्यात वेलीचा एकेक डोळा मोजला जातो, तिथे रस्त्यावरच्या झाडाचा शेंडाच उडवतात, हे काही पटत नाही.

‘तारांना फांद्या लागतात, पावसाळ्यात झाडं पडतात, माणसं मरतात, त्याचं काय?’ हा प्रश्न रास्तच आहे. धोक्याची फांदी काढलीच पाहिजे. पण शेंडा उडवून धोका कमी होत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. पानं गेली की झाडाचं अन्न बनणं थांबतं. मोठ्या उघड्या जखमेतून कूज आत शिरते. मग त्या जागी दाटीवाटीने नवे फुटवे येतात, तेही वरवर चिकटलेले. दोन-चार वर्षांत ते जड झाले, की वादळात तेच आधी मोडतात. तारांसाठी एकच बाजू साफ केली, तर सगळा भार दुसरीकडे जातो. आणि मग आपण म्हणतो, झाडच कमकुवत होतं!

नीट छाटणी अवघड नाही. वाळलेल्या, रोगट, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या आधी काढायच्या. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कडं असतं. त्याला धक्का न लावता, त्याच्या लगेच बाहेर कापायचं, म्हणजे झाड जखम स्वतःच बंद करतं. जड फांदीला आधी खालून खाच द्यायची, नाहीतर पडताना ती खोडाची साल सोलून नेते. फुलणाऱ्या झाडाचा बहर ओसरू द्यायचा आणि घरटं असेल तर थांबायचं. तार तुटायला आली असेल तर गोष्ट वेगळी.

आपण काय करू शकतो? शहरांतल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे. त्यात झाड ‘तोडणं’ म्हणजे फक्त मुळापासून कापणं नाही. झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं त्यात येतं. त्यामुळे करवत दिसली की भांडण नको, शांतपणे परवानगीचं पत्र बघायला मागा. फोटो काढा. पत्र नसेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाला फोन लावा. रील नंतर टाका, फोन आधी. आम्ही त्या दिवशी नेमकं उलटं केलं. स्टोरीवर भरपूर रडक्या इमोजी आल्या, झाड मात्र गेलं ते गेलंच.

यंदा त्या खोडावर झाडूसारखे फुटवे आलेत. फूल एकही नाही. कट्ट्यावर ऊन मात्र भरपूर आहे.